इंजिन ऐकणाऱ्या स्क्रूड्रायव्हरची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना स्क्रूड्रायव्हर आहे. माझी दांडी हातभर लांब आहे आणि मूठ लाकडाची. स्क्रू फिरवणं हे माझं काम असेल, असं तुम्हाला वाटेल. मला जन्म देणाऱ्या कारखान्यालाही तसंच वाटत होतं. पण एकतीस वर्षांच्या नोकरीत मी एकूण अकरा स्क्रू फिरवले. त्यातला एक उलट्या दिशेने.

माझा जन्म एका छपाईयंत्रासाठी झाला. त्या यंत्रातला एक स्क्रू इतका आत दडलेला होता, की त्याला गाठायला हातभर दांडी लागे. मी तयार झालो आणि त्याच आठवड्यात ते यंत्र बनायचं बंद झालं. मग हत्यारांच्या दुकानात चार वर्षं मी काचेमागे उभा होतो. लोक मला हातात घेत, "बाप रे" म्हणत आणि परत ठेवत. शेवटी एक तरुण मिस्त्री आला. त्याने स्क्रूबद्दल अवाक्षर काढलं नाही. माझी मूठ कानाला लावली, टोक दुकानदाराच्या पंख्याला टेकवलं आणि म्हणाला, "पंख्याचं बेअरिंग महिनाभर टिकेल. हा द्या मला."

पंखा एकोणिसाव्या दिवशी बंद पडला. बाकी अंदाज बरोबर होता.

तेव्हापासून मी मिस्त्रीच्या गॅरेजात आहे. आमचं गॅरेज म्हणजे चढाच्या पायथ्याशी असलेली एक लांबट खोली. वर पत्रा, खाली तेल पिऊन काळी झालेली फरशी, भिंतीवर पान्हे उतरत्या भांजणीत टांगलेले. माझं काम तिथे एकच. सुरू इंजिनावर टोक टेकवायचं, आतला आवाज दांडीतून वर आणायचा आणि मुठीतून मिस्त्रीच्या कानात सोडायचा. डॉक्टरांकडे छाती तपासायची नळी असते ना, तसंच. फरक इतकाच की डॉक्टरांचा पेशंट फिरत्या पट्ट्यात बोट ओढून घेत नाही. तेव्हा मित्रांनो, हे घरी करून पाहू नका. गॅरेजातही करू नका.

इंजिन किती तऱ्हांनी बोलतं म्हणून सांगू! व्हॉल्व्ह सैल झाले की ते शिवणयंत्रासारखं टिकटिकतं. आतला दांडा आणि त्याचं बेअरिंग झिजलं की तळघरात कुणी हातोडा मारावा तसा जाड ठोका येतो. आणि ॲक्सिलरेटर दाबताच डब्यात बारीक खडे हलवल्यासारखी खणखण झाली, तर ते वेगळंच दुखणं. आत पेट्रोल वेळेआधी पेटत असतं. पिस्टन बिचारा जिना चढून वर येतोय आणि शेवटच्या पायरीवर त्याच्या डोक्यावर दार आपटतं, असा तो प्रकार. ठोका आणि खणखण, या दोन आवाजांची गल्लत करायची नाही. एकाला पूर्ण इंजिन उतरवावं लागतं, दुसऱ्याला बहुधा नाही.

आमची कधी गल्लत झाली नाही. लोक म्हणत, मिस्त्रीचा कान म्हणजे कान! मी मूठभर फुलायचो. लाकूड असल्यामुळे ते कुणाच्या लक्षात येत नसे.

मग मिस्त्रीला कमी ऐकू येऊ लागलं.

हे सर्वांत आधी मला कळलं, कारण तो मला कानावर जास्त जोराने दाबू लागला. संध्याकाळपर्यंत त्याचा कान लालबुंद होई. कुणालाच त्याने हे सांगितलं नाही. गिऱ्हाईक बोलू लागलं की तो ओठांकडे पाहायचा आणि "हं हं, बघतो" म्हणायचा. गॅरेज त्याच्या लेकीबरोबर भागीत होतं. तिला तो चिमी म्हणत असे. चिमी पाच फूट दहा इंच होती. तीसुद्धा फसली. तिला वाटलं, बाबा वयापरत्वे समजूतदार होत चालले आहेत, हल्ली वाद घालत नाहीत.

एके दिवशी मिस्त्रीचे दोन्ही हात गुंतले होते, म्हणून त्याने माझी मूठ दातांत धरली. माझं टोक सहज सुरू इंजिनाला लागलं आणि मिस्त्रीचे डोळे बशीएवढे झाले. आवाज दातांतून, जबड्यातून थेट डोक्यात शिरला होता! स्वच्छ, खणखणीत. कानाला मध्ये घ्यायची गरजच नव्हती. त्या दिवसापासून मी कानातून तोंडात गेलो. मान वाढला की कमी झाला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गिऱ्हाइकांना ती मोठी विद्या वाटली. समोरच्या गॅरेजवाल्याने लगेच नक्कल केली. पण हत्यार पुसायची त्याला सवय नव्हती. दोन दिवस त्याचं गॅरेज बंद होतं.

वर्षभर छान गेलं. मग मिस्त्रीचे वरचे दात गेले आणि कवळी आली.

मित्रांनो, या ठिकाणापासून माझी कहाणी मला नीट सांगवत नाही. कवळी मुठीवर टेकली की थरथरायची आणि टाळूवर आपटायची. ठक, ठक, ठक. अगदी बेअरिंग गेल्यासारखी. मी खालून इंजिनाचा आवाज इमानेइतबारे आणून देत होतो आणि वर दारातच कवळी स्वतःचं गाणं गात होती. मिस्त्रीला प्रत्येक गाडीत ठोका ऐकू येऊ लागला.

आधी दूधवाल्याची व्हॅन उघडली. इंजिन खाली उतरवलं, सगळं सुटं केलं. बेअरिंग आरशासारखं लख्ख. मिस्त्री म्हणाला, "आता नाही, पण जाणारच होतं." पुढल्या आठवड्यात फोटोवाल्याची गाडी. तिचंही इंजिन उघडलं, तिचंही बेअरिंग लख्ख. फोटोवाल्याने त्या बेअरिंगचा फोटो काढला आणि दुकानात लावला. ओळखीच्यांना तो चंद्र वाटे.

त्या संध्याकाळी चिमीने हात पुसता पुसता सांगितलं, "बाबा, दोन झाली. तिसरं इंजिन असं फुकट उघडलं, तर यापुढे गाड्यांचं निदान मी करणार. तुम्ही खुर्चीत बसायचं, आल्यागेल्याशी बोलायचं."

"म्हणजे मी बाद?" मिस्त्रीने विचारलं. तिचं सगळं बोलणं त्याने ओठांवरून बरोबर वाचलं होतं.

"तुम्हीच मला शिकवलंत, ज्याला कळत नाही त्याने हात लावायचा नाही."

मिस्त्रीने पान्हे भिंतीवर टांगले. रात्री कुलूप लावण्याआधी त्याने मला दोनदा पुसलं. मलाही कळत होतं. तो खुर्चीत गेला की मी खिळ्यावर जाणार. स्क्रूड्रायव्हर म्हणून मला कुणी ठेवणार नव्हतं, माझा अनुभव अकरा स्क्रूंचा.

चारच दिवसांनी दुपारी ड्रायव्हिंगवाल्या बाई आल्या. बाई गाडी शिकवतात. त्यांच्या गाडीचं नाव कासव. शिकणाऱ्यांनी ठेवलेलं, पण गाडीने मनावर घेतलेलं. जन्मभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, रिकाम्या मैदानाला घिरट्या. शिकवायच्या गाडीत असतात तसे कासवात शेजारच्या, बाईंच्या सीटपाशीही ब्रेक आणि क्लच होते.

"मिस्त्री, उद्या सकाळी नऊला माझ्या सहा जणांची परीक्षा आहे," बाई म्हणाल्या. "आणि ही चढावर ॲक्सिलरेटर दिला की खणखणते. परीक्षा घेणारे साहेब असले आवाज ऐकून गाडीतून उतरतात."

"हं हं, बघतो," मिस्त्री म्हणाला.

"तुम्ही फोनवरही हेच म्हणालात."

मिस्त्रीने इंजिन सुरू करवलं. मी दातांत गेलो, टोक इंजिनाच्या अंगावर टेकलं. आतून मी जे आणलं ते साधं होतं. बारीकशी टिकटिक, बाकी ठीक. तळघरात हातोडा नव्हता. मी शपथेवर सांगतो. पण वर कवळीने ताल धरला. ठक, ठक, ठक. मिस्त्रीचा चेहरा पडला. कारण मित्रांनो, त्याला हे ऐकायचंच नव्हतं. त्याने दुसऱ्या जागी टेकवून पाहिलं, तिसऱ्या जागी पाहिलं. ठक, ठक, ठक.

"बेअरिंग," तो हळूच म्हणाला. "इंजिन उतरवावं लागेल."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "आणि माझी उद्याची पोरं?"

चिमी बापाकडे पाहत राहिली. "बाबा, नक्की? हे तिसरं आहे."

"मला मोजता येतं."

"मग आधी खात्री करू. उघडायचं नंतर."

तिने हातात जाड रबरी मोजा घातला आणि चालू इंजिनाच्या चार प्लगांच्या वायरी एकेक करून काढून परत लावल्या. एखाद्या सिलिंडरचं बेअरिंग गेलं असेल, तर त्याची ठिणगी बंद करताच ठोका मऊ पडतो, अशी ती परीक्षा. पहिली वायर काढली. "फरक?" तिने बोटांनी विचारलं. मिस्त्रीने माझ्यासकट मान हलवली, नाही. दुसरी, नाही. तिसरी, चौथी, नाही. ठोका तसाच. इंजिन तीन पायांवर लंगडत होतं आणि ठोका मजेत होता.

"असं कसं होईल?" चिमी म्हणाली. "बाई, आवाज फक्त चढावर येतो ना? मग त्याला चढ देऊ."

मग त्यांनी जे केलं ते मला आठवलं तरी गंज चढतो. चारही चाकांना विटा लावल्या. बाई स्टिअरिंगवर बसल्या. चिमी शेजारच्या सीटवर बसली आणि बाईंच्या त्या जादा ब्रेकवर दोन्ही पाय रोवून उभी राहिल्यासारखी ताठली. बॉनेट उघडं. मिस्त्री बाजूला, चाकाच्या कडेला. गाडी निसटलीच तर पुढे भिंत होती आणि भिंतीवर उतरत्या भांजणीतले पान्हे.

"दुसरा गिअर," चिमी म्हणाली. "क्लच अर्धा सोडा. थोडंच ॲक्सिलरेटर. तीन मोजेन, मग लगेच क्लच दाबायचा."

"मी आजवर शिष्यांना ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबू नका म्हणून शिकवलं," बाई म्हणाल्या. "कुणी पाहत नाही ना?"

कासव गुरगुरलं. पुढून वाकलं. विटांनी कुरकुर केली. "एक," चिमी म्हणाली. आणि तो आवाज आला. डब्यात खडे! बारीक, चटचटीत, वरच्या अंगाने येणारा. मी तो दांडीतून धावत वर नेला. "दोन." एक वीट सरकली. मी अक्षरशः ओरडत होतो, पण वर कवळीचा धुमाकूळ चाललेला. "तीन!" बाईंनी क्लच दाबला, किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं आणि कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. हॉर्न वाजला. बाकी शांतता.

बाकी म्हणजे रेडिएटरचा पंखा सोडून. कासव तापलं होतं, आणि त्याचा विजेवरचा पंखा किल्ली बंद केल्यावरही काही वेळ फिरतो. त्याची बारीक थरथर सगळ्या अंगात होती. मिस्त्री डोळे मिटून, मला दातांत धरून तसाच उभा होता. त्याने एक बोट वर केलं.

"ऐका," तो मुठीच्या कडेने म्हणाला. "अजून ठोकतंय. स्वच्छ. बेअरिंगच."

 चिमी गाडीतून उतरली, फेरा मारून बापासमोर आली. मिस्त्रीने डोळे उघडले. तिचा हात त्याने पाहिला. हातात किल्ली होती.

"बाबा, इंजिन बंद आहे."

"काय बंद आहे?"

तिने किल्ली त्याच्या डोळ्यांसमोर धरली. मिस्त्रीने किल्लीकडे पाहिलं, इंजिनाकडे पाहिलं. मग पंख्याकडे. तोंडातून मला काढलं. ठोका थांबला. परत दातांत धरलं. ठक, ठक, ठक. काढलं. थांबला.

असं त्याने पाच वेळा केलं. माणसाला स्वतःची चूक कळायला लागणारा वेळ मी इतक्या जवळून प्रथमच पाहिला. पंखा दमून थांबला, तेव्हा मिस्त्री पार खाली गेला होता. म्हणजे उभाच होता, पण चेहऱ्याने खाली गेला होता.

"दूधवाला," तो म्हणाला. "फोटोवाला."

"बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही?"

हा प्रश्न मात्र त्याने ओठांवरून वाचला नसता तर बरं, असं मला वाटलं. लांब उभं राहून खोटं बोलता येतं. चार बोटांच्या अंतरावर उभ्या असलेल्या लेकीसमोर नाही.

"दीड वर्ष," मिस्त्री म्हणाला. "डावीकडून थोडं येतं. उजवीकडून नाही."

चिमीचे डोळे भरून आले आणि तिला तितकाच रागही आला. दोन्ही एका चेहऱ्यावर मावेनात, म्हणून ती विटा परत नीट लावू लागली. बाई गाडीतच बसून होत्या. दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं झालं की माणूस सीटबेल्ट लावून बसतो, तशा.

मिस्त्री नळावर गेला. कवळी काढली, धुतली, चिमीच्या स्टीलच्या पेल्यात ठेवली. परत आला आणि माझी मूठ डाव्या कानामागच्या हाडावर टेकवली.

"पुन्हा," तो म्हणाला. दातांशिवाय तो फार म्हातारा दिसत होता. "एकदाच. नाही कळलं तर मी बसतो खुर्चीत."

चिमी ब्रेकवर जाऊन बसली. गिअर, क्लच, गुरगुर. "एक." मित्रांनो, मी आयुष्यात इतक्या सावधपणे आवाज उचलला नव्हता. थेंब न सांडता भरलेली वाटी न्यावी तसा नेला. "दोन." हाडावर ठेवला. मिस्त्रीच्या भुवया हलल्या. "तीन!"

इंजिन बंद झालं. मिस्त्रीने मला हाडावरून खाली घेतलं.

"खडे," तो म्हणाला. "डब्यात खडे. बेअरिंग नाही. पेट्रोल आधीच पेटतंय." मग खिडकीपाशी जाऊन त्याने बाईंच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "बाई, हे कधीपासून? हळू सांगा."

"तेच तर सांगतेय! तीन आठवड्यांपूर्वी तुम्ही टायमिंग लावलंत ना, त्या दिवसापासून. फोनवर सांगितलं, दारात सांगितलं. तुम्ही हं हं केलंत."

टायमिंग म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची, ती वेळ. डिस्ट्रिब्युटर नावाचा एक गोल डबा जरासा फिरवून ती ठरवतात. मिस्त्री ती कानाने लावत असे. डबा थोडा पुढे फिरवायचा, चढावर चक्कर मारायची. पुन्हा पुढे, पुन्हा चक्कर. खणखण ऐकू आली की जरा मागे घ्यायचं, झालं. तीन आठवड्यांपूर्वी त्याने तसंच केलं होतं. पुढे, चक्कर. पुढे, चक्कर. मी तेव्हा शेजारच्या सीटवर पडून होतो. चालत्या गाडीत मला कुठे टेकवणार? त्याने खणखण ऐकू येण्याची वाट पाहिली. ती केव्हाच आली होती. त्याच्यापर्यंत पोहोचली नव्हती.

"हे मी केलंय," मिस्त्री म्हणाला. एकदा बाईंना, एकदा चिमीला. "गाडीचं काही नाही. माझं आहे."

चिमीने टायमिंग पाहायचा दिवा आणला. इतके दिवस मिस्त्री त्याला लग्नातली रोषणाई म्हणायचा. दिवा पुलीवरच्या खुणेवर लखलखला. खूण जिथे हवी तिथून बोटभर पुढे पळाली होती. मिस्त्रीने नट सैल केला, डबा केसाएवढा मागे, अजून केसाएवढा. या वेळी चिमी बोटाने "बस" म्हणाली तेव्हा तो थांबला. प्लग काढले तर त्यांच्यावर काजळी बसलेली. जन्मभर रांगणाऱ्या गाडीच्या पोटात ती बसतेच, आणि तीही तापून खणखण वाढवते. चिमीने प्लगांच्या भोकांतून काजळी मऊ करायचं औषध सोडलं, तासभर मुरू दिलं, ते उरलंसुरलं ओढून काढलं आणि नवे प्लग बसवून इंजिन सुरू केलं. कासवाने इतका पांढरा धूर सोडला की समोरचा गॅरेजवाला अभिनंदन करायला आला.

मग चढ. बाई चालवत होत्या, मिस्त्री शेजारी, चिमी मागे, मी मिस्त्रीच्या मांडीवर. बाईंनी दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दिला. मिस्त्री समोर पाहत नव्हता. तो बाईंच्या चेहऱ्याकडे पाहत होता. चढाचा मधला टप्पा, जिथे आवाज यायचा. बाईंच्या कपाळावरची आठी तशीच होती. दिव्याचा खांब गेला. वळण गेलं. माथा आला आणि आठी सुटली.

"गेला," बाई म्हणाल्या.

"नक्की?" मिस्त्रीने मागे वळून लेकीला विचारलं.

चिमीने मान डोलावली आणि मग, तो ओठ वाचेल म्हणून सावकाश, तोंड मोठं करून म्हणाली, "नक्की."

दुसऱ्या दिवशी सहापैकी पाच जण पास झाले. सहावा भिंतीवर गेला, पण इंजिनाची खणखण अजिबात न करता.

मिस्त्री खुर्चीत बसला नाही. कारण तिसरं इंजिन उघडलंच नव्हतं, आणि चिमी शब्दाची पक्की. पण दूधवाल्याकडे आणि फोटोवाल्याकडे तो स्वतः गेला आणि खरं काय ते सांगून आला. नंतर लेकीबरोबर कानाच्या डॉक्टरांकडे गेला. मला बरोबर नेलं होतं. डॉक्टरांनी मला बाहेर ठेवायला सांगितलं. आता त्याच्या डाव्या कानात एक छोटं यंत्र असतं. ते सगळं ऐकत नाही. सगळं ऐकू येतं असं तोही म्हणत नाही. माझं काम कमी झालंय. कानामागच्या हाडावर, आठवड्यातून एखाद-दोनदा.

परवा दुसऱ्याच एक बाई गाडी घेऊन आल्या. इंजिन सुरू, समोर रस्त्याची वर्दळ, आणि त्या घाईघाईने काहीतरी सांगत होत्या. मिस्त्रीला ऐकू आलं नाही. मी त्याच्या हातात होतो. त्याची पकड घट्ट झालेली मला कळली. मित्रांनो, मला खात्री होती, आता हं हं येणार.

"काय म्हणालात?" मिस्त्री म्हणाला. "माझा कान अधू आहे. इंजिन बंद करा आणि पहिल्यापासून सांगा."

बाईंनी इंजिन बंद केलं आणि पहिल्यापासून सांगितलं. दोन मिनिटं गेली. दुखणं त्या सांगण्यातच सापडलं.

माझी विनंती एवढीच आहे. हत्यारं पुसून ठेवा, कान जपा, हे तर कराच. पण तुमच्या घरात कुणी हल्ली फार समजूतदार झालं असेल, कशालाच नाही म्हणत नसेल, तर त्याच्यासमोर जाऊन, तोंड दिसेल असं उभं राहून एकदा विचारा, ऐकू येतंय ना? आणि ते कुणीतरी तुम्हीच असाल, तर लाजू नका. "काय म्हणालात?" एवढंच म्हणा. एवढं म्हणायला मिस्त्रीला दीड वर्ष लागलं.